विश्लेषण : लहान मुलाला घेऊन नैनितालला जाताना… उंचीपेक्षा घाट, थंडी आणि गर्दीचीच चिंता अधिक का?

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे उत्तराखंडची आखणी सुरू करतात. त्यात नैनितालचे नाव हमखास असते. मधोमध तलाव, चहूबाजूंनी डोंगर आणि काठावर बाजारपेठ, असे हे शहर मोठ्यांना दोन दिवसांत ‘उरकता’ येते. सोबत दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर मात्र तोच कार्यक्रम तिसऱ्या दिवशी ताप, उलट्या आणि चिडचिडीवर येऊन थांबतो. नैनिताल लहान मुलांसाठी योग्य आहे का, कोणत्या महिन्यात जावे, घाटात आणि बोटीत काय काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

नैनिताल नेमके किती उंचीवर?

नैनितालचा तलाव समुद्रसपाटीपासून १,९३८ मीटर उंचीवर आहे. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा हा नैसर्गिक तलाव सुमारे दीड किलोमीटर लांब असून त्याची कमाल खोली २७ मीटरच्या आसपास आहे. उत्तरेकडच्या टोकाला मल्लीताल आणि दक्षिणेकडच्या टोकाला तल्लीताल या दोन वस्त्या आहेत. पूर्वेच्या काठाने त्यांना जोडणारा रस्ता म्हणजे मॉल रोड. पश्चिमेच्या काठाने झाडांच्या सावलीतून जाते ती ठंडी सडक. नयना देवीचे मंदिर मल्लीतालच्या बाजूला, अगदी पाण्याला लागून आहे.

तुलनेसाठी महाबळेश्वर घ्या. तेथील उंची साधारण १,३५० मीटर. म्हणजे नैनितालचा तलाव महाबळेश्वरपेक्षा सुमारे ६०० मीटर वर आहे. हॉटेले त्याहूनही उंच उतारांवर आहेत. त्यामुळे ‘महाबळेश्वरला नेतो तसेच कपडे पुरतील’ हा अंदाज येथे चुकतो.

या उंचीवर मुलांना विरळ हवेचा त्रास होतो का?

पालकांची सर्वांत मोठी भीती हीच असते. परंतु उंचीमुळे होणारा डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा आजार साधारणतः २,५०० मीटरच्या वर दिसू लागतो. नैनितालचा तलावाकाठचा भाग त्याहून बराच खाली आहे. रोपवेने जाता येते तो स्नो व्ह्यू २,२७० मीटरवर आहे. शहराचे सर्वांत उंच टोक, नयना पीक, तेवढे २,६०० मीटरच्या वर जाते. निरोगी मुलाच्या बाबतीत येथे प्राणवायू कमी पडण्याची चिंता करण्याचे कारण सहसा नसते.

अपवाद मात्र आहेत. अगदी तान्हे बाळ, वेळेआधी जन्मलेले बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले मूल, नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेले मूल यांच्याबाबत तिकिटे काढण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला हवा. शिवाय उंचीवर ऊन अधिक भाजते. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हवा गार असल्याने ते जाणवत नाही आणि संध्याकाळी मुलाचे गाल लालबुंद झालेले दिसतात. कडेची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे स्वेटरइतकेच आवश्यक असतात.

मग खरी परीक्षा कुठे?

घाटात. नैनितालला जाण्यासाठी शेवटचे रेल्वे स्थानक काठगोदाम. तेथून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर. काठगोदाम साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे एवढ्या कमी अंतरात जवळपास १,४०० मीटरचा चढ. मुंबई-पुणे प्रवासातील बोरघाटाच्या हा दुपटीहून अधिक आहे. रस्ता मोकळा असेल, तर सव्वा ते दीड तास लागतो. हंगामात शनिवार-रविवारी किती वेळ लागेल, याचा भरवसा नाही.

वळणावळणाच्या रस्त्यावर कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते. त्याच वेळी मोबाइलवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. मेंदूचा हा गोंधळ म्हणजेच गाडी लागणे. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा कमी होतो, त्यानंतर तो वाढत जातो आणि शाळकरी वयात सर्वाधिक असतो. म्हणूनच ‘गप्प बसावे म्हणून मोबाइल दिला’ हा उपाय घाटात उलटतो. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे बसवणे, खिडकी थोडी उघडी ठेवणे, निघण्याआधी कोरडे आणि थोडेच खायला देणे, वाटेत ज्योलीकोटला दहा मिनिटे थांबणे, हे साधे उपाय अधिक उपयोगी पडतात. उलटीचे औषध मोठ्यांच्या डब्यातून काढून अर्धी गोळी देऊ नये. या औषधांपैकी काही दोन वर्षांखालील मुलांना धोकादायक ठरू शकतात. औषध आणि मात्रा दोन्ही आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावीत.

चढताना कान दडे बसतात, ते तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. ते फक्त रडते. अशा वेळी अंगावर पाजणे, बाटली किंवा पाण्याचा घोट देणे यामुळे गिळण्याची क्रिया होते आणि कान मोकळे होतात. आणखी एक गोष्ट. पुढच्या सीटवर मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. अचानक ब्रेक लागला, तर मांडीवरचे मूल हातांनी धरून ठेवणे अशक्य असते. मुलांची सीट मिळत नसेल, तर निदान मागच्या सीटवर बसावे.

प्रवासाची आखणी कशी करावी?

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून बहुतेकजण आधी दिल्ली गाठतात. दिल्लीहून काठगोदामला शताब्दीने दिवसा किंवा राणीखेत एक्स्प्रेसने रात्री जाता येते. रात्रीची गाडी पहाटे पोहोचते, त्यामुळे मोठ्यांचा दिवस वाचतो. पण मुलाला अर्धवट झोपेतून उठवून, उपाशीपोटी लगेच घाटात नेले, तर उलट्यांची शक्यता वाढते. पहाटे उतरल्यास काठगोदाम किंवा शेजारच्या हल्द्वानीत दोन तास विसावून, न्याहारी करून निघणे चांगले. पंतनगरचा विमानतळ सुमारे ६५ ते ७० किलोमीटरवर आहे.

मुंबईहून निघून एका दमात नैनिताल गाठण्याचा हट्ट टाळावा. दिल्लीत एक रात्र थांबल्यास खर्च वाढतो, हे खरे. पण थकलेले मूल पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीतच काढणार असेल, तर तो खर्च वाचला असे म्हणता येत नाही. पोहोचल्याच्या दिवशी तर काहीच ठरवू नये. आंघोळ, गरम जेवण आणि तलावाच्या काठावर एक फेरी एवढेच पुरे.

कोणत्या महिन्यात जावे?

मे-जून हा गर्दीचा काळ. दिवसा हवा आल्हाददायक असते, रात्री मात्र स्वेटर लागतो. दुपारनंतर वादळी पाऊस येऊ शकतो. शाळांच्या सुट्यांमुळे रस्ते तुंबतात. १५ जूनला जवळच्या कैंची धाम येथे नीम करोली बाबांच्या आश्रमाचा स्थापना दिन असतो. त्या सुमारास भवाली परिसरातील वाहतूक अक्षरशः थांबते. मुलाला घेऊन या दिवशी त्या मार्गावर जाणे टाळावेच.

ऑक्टोबर ते नोव्हेंबर हा काळ मुलांसाठी त्यातल्या त्यात चांगला. आकाश स्वच्छ असते आणि स्नो व्ह्यूवरून नंदादेवीसह हिमशिखरांची रांग दिसते. रात्रीचा पारा नोव्हेंबरमध्ये एक आकडी होतो, हे लक्षात ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी असते आणि कधी कधी बर्फही पडतो. पण ‘बर्फ दिसेलच’ असे मुलाला आधी सांगून ठेवू नये.

जुलै ते सप्टेंबर मात्र लहान मुलासोबतचा प्रवास पुढे ढकलणे शहाणपणाचे. येथील डोंगर ठिसूळ आहेत. १८ सप्टेंबर १८८० रोजी झालेल्या भूस्खलनात १५१ जणांचा बळी गेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक भाग खचून तलावात गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉपवरील डोरोथी सीट ही पर्यटकांची आवडती जागा दरडीसोबत कोसळली. पावसाळा सरला म्हणजे धोका संपला, असेही नाही. १८-१९ ऑक्टोबर २०२१ रोजी याच जिल्ह्यातील मुक्तेश्वर येथे २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर अशी विक्रमी पावसाची नोंद झाली आणि रस्ते बंद पडले. म्हणून कोणत्याही महिन्यात निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि परतीच्या रेल्वे किंवा विमानाच्या आधी एक मोकळा दिवस ठेवावा.

हॉटेल निवडताना काय विचारावे?

‘लेक व्ह्यू’ हा शब्द येथे फसवा ठरू शकतो. तलाव दिसतो म्हणजे हॉटेल तलावाजवळ असेलच असे नाही. अनेक हॉटेले आयारपाटा किंवा शेर का डांडाच्या उतारावर आहेत. दृश्य अप्रतिम, पण प्रत्येक वेळी खाली येऊन पुन्हा चढायचे. कडेवर बारा किलोचे मूल आणि खांद्यावर पिशवी घेऊन ती चढण दिवसातून तीनदा चढता येईल का, हा खरा प्रश्न. बाबागाडीचा उपयोग मॉल रोडपुरताच. पाठीवर किंवा छातीशी बांधायची झोळी अधिक कामाची.

आरक्षणाआधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. गाडी दारापर्यंत येते का? किती पायऱ्या आहेत? गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळी? खोली गरम ठेवण्यासाठी विजेचा हीटर आहे का? शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसवर चालणारा हीटर कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच बेशुद्धी येते आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम लवकर होतो. न्हाणीघरात गॅस गीझर असेल आणि हवा खेळायला झरोका नसेल, तर खोली बदलून मागावी.

शहरात फारच गर्दी असेल, तर भीमतालचा पर्याय आहे. नैनितालपासून हे ठिकाण सुमारे २२ किलोमीटरवर आहे आणि उंची साधारण महाबळेश्वरइतकीच. थंडी कमी, चढउतारही कमी. नौकुचियाताल आणि सातताल येथून जवळ पडतात.

बोटीत बसवावे की नाही?

बसवावे, पण काही अटींवर. पहिली अट लाइफ जॅकेटची. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली सरकते. मुलाच्या मापाचे जॅकेट मागावे, सर्व पट्टे आवळावेत आणि खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल, तर ते माप चुकीचे. योग्य माप मिळाले नाही, तर त्या दिवशी तलाव काठावरूनच पाहावा. तान्ह्या बाळाच्या मापाचे जॅकेट मिळणे तर अवघडच.

दुसरी अट नावाड्याची. येथे वल्ह्यांच्या आणि पायडलच्या अशा दोन्ही बोटी मिळतात. पायडल मारताना आई-बाबा दोघांचेही लक्ष पायांकडे असते. नावाडी असलेल्या बोटीत निदान दोघांचे हात मुलासाठी मोकळे राहतात. तिसरी अट वेळेची. सकाळी पाणी शांत असते. दुपारनंतर वारा सुटतो आणि मे महिन्यात ढग अचानक भरून येतात. सेल्फीसाठी मुलाला बोटीच्या कडेवर बसवणे किंवा उभे करणे, हा प्रकार कोणत्याही परिस्थितीत नको. काठावर मासे पाहतानाही मुलाचा हात सोडू नये. मूल बुडते तेव्हा फारसा आवाज होत नाही.

माशांना ब्रेड टाकण्याचा मोह मुलांना होतोच. तो टाळावा. या तलावातूनच शहराला पिण्याचे पाणी मिळते. सांडपाणी आणि कचऱ्यामुळे तळाशी प्राणवायू इतका घटला, की २००७ पासून पाण्यात यंत्राद्वारे हवा सोडावी लागत आहे. कुजणारे अन्न हाच प्राणवायू खाते. चार वर्षांच्या मुलालाही हे समजेल अशा शब्दांत सांगता येते.

मुलासोबत काय पाहावे, काय सोडावे?

एका दिवशी एकच ठिकाण हे सूत्र ठेवावे. सकाळी बोट आणि नयना देवीचे दर्शन, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी मॉल रोडवर ई-रिक्षाची फेरी एवढ्यात मुलाचा एक दिवस भरगच्च होतो. हंगामात संध्याकाळी मॉल रोड काही काळ वाहनांसाठी बंद असतो, तेव्हा तेथे चालणे सुखाचे. दुसऱ्या दिवशी पंडित गोविंद वल्लभ पंत प्राणिसंग्रहालय. हे डोंगरावर आहे आणि सोमवारी बंद असते. चढ उभा असल्याने मुलासोबत वाहनानेच वर जावे. तिसऱ्या दिवशी रोपवे. रांग मोठी होण्याआधी, सकाळीच.

नयना पीकची पायवाट, टिफिन टॉप आणि एका दिवसात सात तलाव दाखवणारी टॅक्सीची सहल लहान मुलासोबत सोडून द्यावी. या सहलीत मुलाच्या वाट्याला तलाव कमी आणि वळणे जास्त येतात. भाड्याची स्कूटर घेणार असाल, तर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा नियमाने आवश्यक आहे. वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर. पर्यटनस्थळी हे साहित्य मिळेलच असे नाही, तेव्हा स्कूटर न घेतलेलीच बरी.

खाणे-पिणे आणि आजारपणाचे काय?

या उंचीवर पाणी १०० अंशांना नव्हे, तर साधारण ९३ अंशांनाच उकळते. त्यामुळे किटलीत शिजवायला टाकलेली मऊ खिचडी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. बाळाच्या दुधासाठीचे पाणी उकळी फुटल्यावर आणखी तीन मिनिटे उकळू द्यावे. थंडीत मुले पाणी मागत नाहीत. म्हणून दर तासाला दोन घोट आठवणीने द्यावेत. लघवी कमी आणि गडद होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. सोबत ओआरएसची पाकिटे, तापमापक आणि डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध असावे.

माकडे आणि वानरे येथे सर्वत्र आहेत. मुलाच्या हातात उघडा खाऊ देऊ नये. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. नैनितालमध्ये मल्लीताल भागात बी. डी. पांडे जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी हल्द्वानीला उतरावे लागते. मूल दूध-पाणी घेत नसेल, श्वास जलद चालत असेल किंवा सुस्त पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री घाट उतरायला वेळ लागतो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

गर्दीत मूल हरवू नये म्हणून…

रोज सकाळी बाहेर पडताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतील एक फोटो काढून ठेवावा. खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक आणि हॉटेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. चिठ्ठी मराठीत नव्हे, हिंदीत हवी. बोलता येणाऱ्या मुलाला ‘हरवलास तर तिथेच उभा राहा’ एवढे एकच वाक्य पाठ करून घ्यावे. मूल दिसेनासे झाल्यास पोलिसांसोबतच १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावरही कळवता येते.

मुलाला यातून काय मिळते?

दोन वर्षांच्या मुलाला नैनिताल पुढे आठवणार नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे अनेकजण विचारतात. आठवण राहिली नाही, तरी पाण्यावर हलणारी होडी, नाकाला लागणारी गार हवा आणि दिवसभर हाताशी असलेले आई-बाबा हे सारे त्या मुलाला त्या क्षणी मिळतेच. थोडे मोठे मूल असेल, तर त्याला मल्लीतालच्या फ्लॅट्स मैदानाची गोष्ट सांगावी. संध्याकाळी मुले खेळतात ते हे सपाट मैदान १८८० च्या दरडीच्या मातीने तयार झाले आहे. डोंगर सुंदर आहे आणि तो कोसळूही शकतो, या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच जागी उभे राहून समजू शकतात. यादीतली तीन ठिकाणे राहून गेली तरी चालतील. मूल हसत परतले आणि पुन्हा जायचे म्हणाले, तर सहल झाली.